आहेराच्या आकड्याची व्हॅन

ती पांढरी व्हॅन आजही कधीतरी डोळ्यांपुढून जाते, आणि जाताना हॉर्न न वाजवता घंटा वाजवते. टांग्याची घंटा. व्हॅनला टांग्याची घंटा कुठून आली, तेच सांगायला बसलो आहे.

पोलीस खात्यातल्या उभ्या नोकरीत मी दरोडेखोर धरले, हातभट्ट्या फोडल्या, एका फरारी आरोपीमागे गणवेशासकट नायगावच्या खाडीत उडी मारून मैलभर पोहलो. बायको म्हणते, मैल कसला, ओहोटी होती आणि पाणी गुडघ्याएवढं होतं. ती तिथं नव्हती, मी होतो. पण हे पराक्रम लोक ऐकतात आणि विसरतात. मीही विसरतो, म्हणून तर दर वेळी जरा वेगळे सांगतो. ही हकीगत मात्र दर वेळी जशीच्या तशी येते. तरी सवयीनं चिमूटभर मीठमसाला पडलाच, तर वाचकांनी गोड मानून घ्यावा.

नव्वदचं दशक उताराला लागलं होतं. पालघर जिल्हा तेव्हा जन्मायचा होता; आम्ही ठाणे ग्रामीणमध्ये मोडायचो. मी घाटावरचा माणूस, बदलीनं वसईला आलेला. आमच्या पोलीस ठाण्यातला पंखा इतका सावकाश फिरायचा की माश्या त्याच्या पात्यावर बसून विश्रांती घ्यायच्या. भिंतीवरचं घड्याळ दहाला टेकून कायमचं थांबलेलं. त्यामुळे ठाणे अंमलदाराला कधीही विचारा, तो म्हणायचा, “आत्ताच दहा वाजले.”

अशाच एका कायमच्या दहा वाजता ती आली. भुईगावची, ख्रिस्ती, पस्तिशीच्या आतबाहेरची. रडत नव्हती. ठाण्यात रडत येणाऱ्याला पाणी द्यावं आणि न रडता येणाऱ्याला खुर्ची द्यावी, हा माझा अनुभव. खुर्ची दिली.

“साहेब, माझी फिर्याद घ्या.”

“कुणाविरुद्ध?”

“ते मला ठाऊक नाही. तुम्ही शोधा.”

माझ्या शेजारी आमचा हवालदार उभा होता. अर्नाळ्याकडचा, कोळीवाड्यातला, बोलण्यात ‘ण’ औषधालाही नाही. तो म्हणाला, “बाई, आदी तुमी कोन ते सांगायचं, मंग आमी शोधायचं. हितं असंच चालतं.”

“मग या वेळी उलटं चालवा,” ती म्हणाली. हवालदार गप्प झाला. त्याला गप्प करणारी माणसं मी दोनच पाहिली, एक ही आणि दुसरी त्याची आई.

तिची कथा अशी. तिचे वडील टांगेवाले. भुईगावच्या आणि आसपासच्या आळ्यांमधली पोरं टांग्यात भरून पापडीच्या शाळेत न्यायची आणि परत आणून आईच्या हाती द्यायची, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. आज ज्यांना मिश्या आहेत ते सगळे त्या टांग्यातून शाळेत गेलेले. पुढे घोडी गेली, गुडघे गेले, डोळ्यांनी दिसेनासं झालं, आणि टांगा पडवीत उभा राहिला. ही त्यांची एकुलती एक. लग्न केलेलं नाही. तिनं गाडी चालवायला शिकून रीतसर परवाना काढला, साठवलेलं होतं नव्हतं ते घातलं आणि हायवेलगतच्या एका लिलावाच्या यार्डातून जुनी व्हॅन घेतली. फादरांनी व्हॅनवर पवित्र पाणी शिंपडलं. बाबांनी टांग्याची पितळी घंटा काढून स्वतःच्या हातानं व्हॅनमध्ये बसवली. पोरं पुन्हा घंटेवर घराबाहेर यायला लागली.

दुसऱ्याच आठवड्यात शाळेतून परतताना एका वळणावर तिनं स्टिअरिंग फिरवलं ते नुसतंच फिरलं. चाकांनी ऐकलंच नाही. व्हॅन सरळ केळीच्या बागेत घुसली. केळीचं झाड मऊ, त्यानं गाडी झेलली. पोरांना खरचटलं, आणि एका मुलीचा दात पडला. तो दुधाचा होता आणि तसाही हलत होता, पण रक्त ते रक्त.

त्या दिवसापासून एकही पोर तिच्या गाडीत बसलेलं नव्हतं. ‘बाईच्या हाती गाडी दिली की हेच होणार’ हे वाक्य गावात घरोघर शिजत होतं. तिचा परवाना रद्द करावा, असा पालकांच्या सह्यांचा अर्ज आमच्याकडे आला होता. त्या वेळी तो माझ्याच टेबलावर होता, चहाच्या बशीखाली.

“बाबांनी घंटा काढून खिळ्याला टांगून ठेवलीय,” ती म्हणाली. “मला काही बोलत नाहीत. सकाळी शाळेची वेळ झाली की पडवीत येऊन बसतात आणि रस्त्याकडे कान लावतात.”

“तुम्हाला पैसे परत मिळायला हवेत का?”

“पैसे गेले तर गेले, साहेब. माझ्या हातानं झालं नाही, एवढं गावात सांगणारा मला कुणीतरी हवा. मी स्वतः सांगून झालं. माझं कुणी ऐकत नाही.”

फिर्याद घेताना मी हजार तऱ्हेच्या मागण्या ऐकल्या आहेत. अशी मागणी कुठल्या कलमात बसते ते मला अजून सापडलेलं नाही.

पण एक गोष्ट तिनं सांगितली आणि माझे कान ताठ झाले. गाडी घरी आणल्यावर तिनं ती गावातल्या मेकॅनिकला दाखवली होती. त्यानं बॉनेट उघडायच्या आधी मीटर पाहिलं. लिलावाच्या पावतीवर लिहिलेले सत्तावीस हजार एकशे एक किलोमीटर, आणि वर यार्डापासून घरापर्यंतचे काही. तो हसून म्हणाला, ‘ताई, हिला अजून दुधाचे दात आहेत. स्टिअरिंग-बिअरिंग खोलायची काय गरज?’ अपघातानंतर त्याच मेकॅनिकनं खालून पाहिलं, तर स्टिअरिंगचा जॉइंट इतका झिजलेला की बोटानं निघाला.

“आणि साहेब, सीटखालून अजून पावाचा चुरा निघतो,” ती म्हणाली. “किती झाडला तरी निघतो.”

कागदांवरून आधीचा मालक सापडला. तो नालासोपाऱ्यातला बेकरीवाला निघाला. कर्जाचे हप्ते थकले म्हणून फायनान्स कंपनीनं त्याची व्हॅन ओढून नेली होती. त्याला बोलावून मीटरचा आकडा सांगितला तर तो पोट धरून हसला. “साहेब, सत्तावीस हजार तर तिनं नुसते वसई-विरारच्या खड्ड्यांत घातले असतील. पहाटेपासून पाव घेऊन पळायची ती. मीटरचे पाची आकडे एकदा पूर्ण फिरून पुन्हा शून्यावर आले होते. त्या दिवशी पोरांनी केक कापला होता.”

म्हणजे लाख ओलांडलेली म्हातारी कुणीतरी वेणी-फणी करून नवरी म्हणून उभी केली होती.

आता कायद्याची अडचण ऐका. त्या लिलावाची अट होती, ‘जसं आहे, जिथं आहे’, म्हणजे नंतर तक्रार चालायची नाही. घेणाऱ्यानं गाडी बाहेरून बघायची, आत बसायचं, इंजिन सुरू करून आवाज ऐकायचा. पण गाडी जागची हलवायची नाही. एक हातसुद्धा पुढे नाही. खाली वाकून बघायला गेलं तर रखवालदार शिट्टी मारायचा. आणि हे सगळं मान्य आहे म्हणून आधीच सही. नुसत्या फिर्यादीवर यार्ड चालवणाऱ्या ठेकेदाराला उचलला असता, तर तो ती सही नाचवत दुपारच्या जेवणाला घरी गेला असता. मीटर फिरवलं कुणी आणि यार्डात असतानाच फिरवलं कशावरून, हे सिद्ध करायचं होतं.

खबर मिळाली ती वडापावबरोबर. हवालदाराची मावसबहीण यार्डाच्या समोर वडापावची गाडी लावायची. वर्दीतल्या माणसाला खबर देताना लोक चाचरतात, पण भावाला वडा देताना जीभ आपोआप सुटते. हवालदार आला तो तोंडातला घास न गिळताच.

“सायेब, लिलावाच्या आदल्या दिवशी आगाशीचा एक घड्याळवाला म्हातारा येतो यार्डात. छोटी पेटी घेऊन.”

“येऊ दे. घड्याळ दुरुस्त करत असेल.”

“तेच तर. भैन म्हनते, यार्डात घड्याळ एक पन नाय. मंग हा येतो कशाला?”

दुसऱ्या लिलावाच्या दिवशी मी साध्या वेशात यार्डात जायचं ठरवलं. माझ्या मिश्या कुठल्याही वेशात पोलिसांच्याच दिसत. म्हणून बरोबर बायकोला घेतलं. बायकोबरोबर असलेला पुरुष कुणालाच पोलीस वाटत नाही, उलट आरोपी वाटतो. तिला एवढंच सांगितलं की जुनी गाडी बघायला जातोय. ती खूश झाली. माझ्या पगारात गाडी म्हटल्यावर ती संशयानं नव्हे, कौतुकानं माझ्याकडे बघत होती. त्या नजरेची किंमत मला पुढे सहा महिने फेडावी लागली.

यार्ड म्हणजे दुःखी गाड्यांची यात्रा. कुणाच्या काचेवर अजून गणपती, कुणाच्या आरशाला जपमाळ, मागच्या सीटवर लहान मुलाचा एक बूट. मी बॉनेट उघडून जाणकारासारखा ‘हं, हं’ करत होतो. इंजिनातलं मला तेव्हाही कळत नव्हतं. बायको मात्र एकेका गाडीत बसून स्टिअरिंग धरून बघत होती आणि मीटरवरचे आकडे मोठ्यानं वाचत होती.

“अहो, ही एकतीस हजार पाचशे एक.”

“हं.”

“ही अठरा हजार दोनशे एक्कावन्न.”

“हं.”

“ही बेचाळीस हजार एकशे एक.” मग ती गाडीतून उतरली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, “अहो, ह्या गाड्या कुणाच्या लग्नाला निघाल्यात का?”

“म्हणजे?”

“सगळ्यांचे आकडे आहेराचे कसे? एकशे एक, दोनशे एक्कावन्न, पाचशे एक. शून्यावर एकसुद्धा नाही. आपल्याकडे पाकिटावर रुपयाचं नाणं चिकटवतात तसं वाटतंय.”

मी उघड्या बॉनेटवर डोकं आपटून घेतलं. मुद्दाम नव्हे, सरळ उभा राहायला गेलो म्हणून. डोक्यात फिर्यादीतला आकडा वाजत होता, सत्तावीस हजार एकशे एक. मग मी स्वतः एकेक मीटर पाहिलं. सगळीकडे तेच. आणि दुसरी गंमत म्हणजे, जुन्या गाडीच्या मीटरमध्ये आकडे थोडे वरखाली, थकल्यासारखे उभे असतात. इथं मात्र पाची आकडे कवायतीच्या मैदानावर सावधान उभे.

गाडी जागची हलवायची नाही, हा नियम यार्डवाल्यांनी गिऱ्हाइकाला अडवायला केला होता. त्याच नियमानं त्यांचा घात केला. गाड्या हलल्याच नाहीत, म्हणून मीटर फिरवणाऱ्यानं जो आकडा सोडला तोच तिथं बसून राहिला, पाहुण्यांची वाट बघत. एक फेरी मारू दिली असती तर तो शेवटचा एक पुसला गेला असता.

मी बाहेर थांबलेल्या हवालदाराला खूण केली. दोन पंच बोलावून जागेवर पंचनामा झाला, प्रत्येक गाडीचा आकडा पंचांसमोर लिहिला गेला. ठेकेदाराला सांगितलं, जागचं हलायचं नाही. त्याच्याच यार्डाचा नियम त्याला पहिल्यांदा लागू झाला. बायको रिक्षा करून घरी गेली. जाताना म्हणाली, “म्हणजे गाडी घ्यायची नव्हतीच ना?” मी ते वाक्य स्टेशन डायरीत घेतलं नाही.

दुसऱ्या सकाळी आगाशीच्या बाजारात गेलो. दुकान म्हणजे दोन जिन्यांमधली फट. आत भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकाची वेळ निराळी. त्यात तो बसलेला. पांढरा सदरा, कपाळाला गंध, एका डोळ्याला भिंग. समोर एकही गिऱ्हाईक नाही. सेलवर चालणारी स्वस्त घड्याळं आल्यापासून चावीचं घड्याळ दुरुस्तीला आणणारं माणूस राहिलंच नव्हतं. बंद पडलं की फेकायचं आणि नवं आणायचं.

चौकशीचा एक नियम मी पुढच्या पिढीला सांगतो. चोराला चोरी विचारू नये. कारागिराला काम विचारावं. मी रुमालातून व्हॅनचं मीटर काढून त्याच्यापुढे ठेवलं.

“काका, जरा बघता का? बोरिवलीच्या एका कारागिरानं केलंय म्हणतात.”

त्यानं भिंग लावून मीटर उजेडाकडे धरलं. चाकं बघितली, दात बघितले, मागचा स्क्रू बघितला. मग अतिशय दुखावलेल्या आवाजात म्हणाला, “बोरिवलीत कोण आहे असा?”

“आहे म्हणतात. फार स्वच्छ हात आहे त्याचा.”

“स्वच्छ आहेच. पण बोरिवलीचा नाही.” मग मीटर खाली ठेवून त्यानं माझ्या मिश्यांकडे पाहिलं आणि समजला. पळाला नाही, आरडाओरडा केला नाही. पुढचा पाट सरकवून म्हणाला, “बसा साहेब. चहा सांगतो.”

“शेवटचा तो एक कशाला, काका?”

“अहो, गाडी दुसऱ्याच्या घरी निघालेली. सासरीच म्हणायची. मुलीची पाठवणी कुणी शून्यावर करतं का?”

हे तो अगदी मनापासून म्हणाला. त्याच्या आळीत लग्न असलं की मांडवात आहेर घ्यायला यालाच बसवत, कारण माणूस सचोटीचा. पन्नास देणाऱ्यालाही हा एक रुपया वर घालायला लावायचा. तीच सवय बोटांत मुरलेली. ठेकेदारानं पहिलं मीटर आणलं तेव्हा म्हणे तो एवढंच म्हणाला होता, ‘काका, आकडा जरा सरळ करून द्या.’ कितीतरी दिवसांनी कुणीतरी याच्यापुढे दातेरी चाकं आणून ठेवली होती. बोटांना काम मिळालं, आणि बोटांनी पुढचं काही विचारलं नाही.

“काका, हे खोटं आहे हे तुम्हाला कळत नव्हतं?”

“घड्याळाचे काटे मागे नेले म्हणून वेळ मागे जात नाही, साहेब. गाडीला काय होणार? नुसता आकडा तो. मिरवायला असतो.”

“मेकॅनिक त्या आकड्यावर विश्वास ठेवतो, काका. त्या आकड्यामुळे हिचं स्टिअरिंग कुणी उघडून पाहिलं नाही. ही गाडी शाळेची मुलं नेत होती. वळणावर स्टिअरिंग सुटलं.”

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. भिंगानं डोळ्याभोवती लाल वर्तुळ उमटलं होतं.

“मुलं…?”

“केळीच्या बागेत गेली गाडी. वाचली सगळी. एका मुलीचा दात पडला.”

“दुधाचा की पक्का?”

“दुधाचा.”

भिंतीवरची घड्याळं एकापाठोपाठ एक टोले देत राहिली, कारण त्यांच्यात कधीच एकमत नव्हतं. चहा आला, तो तसाच निवला. मग त्यानं दुकानाची फळी लावली आणि आपण होऊन माझ्या जीपमध्ये बसला.

ठाण्यात त्याचा जबाब सुरू झाला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. बदलून ठेवलेला आकडा तो विसरायचा, पण मूळचा आकडा कधी विसरायचा नाही. “दुरुस्तीला आलेलं घड्याळ किती वाजता थांबलं होतं, ते मी घरच्यांना सांगतो. काही लोकांना ते हवं असतं,” तो म्हणाला. प्रत्येक गाडीचा मूळ आकडा त्यानं तोंडपाठ सांगितला. आम्ही आधीच्या मालकांना एकेक करून विचारलं, आणि सगळे जुळले. जबाब चालू असताना त्याची नजर सारखी आमच्या भिंतीवर जात होती. शेवटी राहवेना. म्हणाला, “साहेब, एक स्टूल मिळेल का?” आरोपीनं पोलीस ठाण्यातलं घड्याळ चालू करून दिल्याची नोंद महाराष्ट्रात दुसरीकडे कुठे असेल तर मला कळवावी. त्या दिवशी आमच्या अंमलदाराला पहिल्यांदा कळलं की तो रोज किती उशिरा जेवतो.

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चहाच्या रिकाम्या कपाएवढाच उपयोगी. म्हातारा मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहिला आणि तेच बोलला. तो माफीचा साक्षीदार झाला. ठेकेदार मात्र शेवटपर्यंत कागद नाचवत होता.

“साहेब, ‘जसं आहे, जिथं आहे’ असं लिहिलंय. बाईंची सही आहे.”

“अरे, पण जसं होतं तसं तू राहू दिलंस कुठे?” मी म्हणालो.

“सगळेच करतात, साहेब.”

“म्हनून तर तुला एकट्याला कंटाळा नाय येनार,” हवालदार म्हणाला.

चारशे वीस लागलं. आकड्यांचा पंचनामा आणि म्हाताऱ्याची साक्ष पाहून ठेकेदारानं गुन्हा कबूल केला आणि आत गेला. उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडायच्या आत निकाल लागला. कोर्टातलं काम इतक्या लवकर झालं यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि मी आग्रहही करत नाही. फायनान्स कंपनीनं यार्ड दुसऱ्याकडे दिलं, आणि तिथं गाडी एक फेरी चालवून बघू द्यायला लागले. कंपनीनं त्या बाईला बदली गाडी देऊ केली. ती नको म्हणाली. तिच्या हातून चूक झाली म्हणतात ती हीच गाडी, तेव्हा सुटायचं तर हिच्यासकटच सुटायचं, असं तिचं म्हणणं. तिनं गाडी खालून वरपर्यंत खोलून घेतली आणि झिजलेलं सगळं बदललं.

शाळा उघडण्याआधीच्या रविवारी मी भुईगावला गेलो. चर्चमधली मिस्सा सुटली होती. माणसं टांगेवाल्या बाबांच्या अंगणात जमली होती, कारण मी निरोप धाडला होता. पोलीस बोलावतात म्हटल्यावर कुणी नाही म्हणत नाही, हा या खात्याचा एकमेव फायदा. हवालदारानं जीपमधून घड्याळवाल्याला उतरवलं. हातात त्याची पेटी आणि कोर्टानं परत दिलेलं मीटर.

मी बोलणार होतो. चांगलं भाषण तयार होतं, त्यात खाडीची उडीही बसवली होती. म्हाताऱ्यानं मला थांबवलं. तो गावाकडे तोंड करून म्हणाला, “मी आगाशीचा. या गाडीचं मीटर मी मागे फिरवलं. गाडी म्हातारी होती, मी तिला तरुण केली. मुलगी नीट चालवत होती. जे झालं ते माझ्या हातानं झालं. तिच्या नाही.”

माडाची झापं तेवढी हलत होती. मग पडवीतून बाबा काठी टेकत आले. डोळ्यांनी दिसत नव्हतं, म्हणून म्हाताऱ्याच्या आवाजाच्या दिशेनं आले.

“माझी शेवटची घोडी,” बाबा म्हणाले, “बाजारात घेतली तेव्हा पाच वर्षांची सांगितली. दात बघितले, तर दात पाचच वर्षांचे. घरी आणल्यावर कळलं, कानशीनं घासलेले. म्हातारी होती. मलाही पळवून बघू दिली नव्हती.”

“मग काय केलंत?” घड्याळवाल्यानं विचारलं.

“काय करणार? वय कळलं, तसा सांभाळून हाकला टांगा. चढणीला पोरांना खाली उतरवायचो. तिच्यासारखी घोडी पुन्हा झाली नाही. यातले तरणे सगळे,” त्यांनी काठी अंगणावरून फिरवली, “तिनंच शाळेत नेले. वय झालेलं वाईट नाही, बाबा. वय लपवलेलं वाईट. लपवलं की माणूस तिच्याकडून चढणीला पळायची अपेक्षा करतो.”

घड्याळवाला व्हॅनमध्ये बसला. मीटर जागेवर बसवलं आणि मूळचा आकडा, शहाऐंशी हजारांचा, परत आणला. त्यात तिनं चालवलेलं अंतरही धरलं. पण लाख पुरे झाले होते हे पाच आकड्यांच्या मीटरमध्ये दाखवायचं कसं? त्यानं पेटीतून केसाएवढा ब्रश काढला, डोळ्याला भिंग लावलं, आणि काचेवर पहिल्या आकड्याच्या आधी पांढऱ्या रंगानं एक काढला. इतका सुबक, की छापल्यासारखा. आयुष्यभर शेवटी घातलेला एक त्यानं त्या दिवशी पुढे आणून ठेवला.

ती वाकून बघत होती. “एक लाख शहाऐंशी हजार,” तिनं मोठ्यानं वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मला वाटलं, झालं, आता या म्हातारीत कोण आपलं पोर बसवतो.

बाबा आत गेले. खिळ्यावरून घंटा काढल्याचा आवाज आला. ते परत आले, चाचपत व्हॅनचं पुढचं दार उघडलं आणि मुलीच्या शेजारच्या सीटवर घंटा मांडीवर घेऊन बसले.

“चल,” म्हणाले. “चढणीला सावकाश.”

ती व्हॅन सुरू करणार एवढ्यात गर्दीतून एक आजी पुढे आली. लुगडं, कानात सोन्याच्या कुड्या. तिच्या बोटाला एक मुलगी. त्यांच्या बोलीत ती भराभर काही बोलली, मला घाटावरच्याला अर्धंही कळलं नाही. शेजारच्यानं सांगितलं, “म्हणते, मी याच्याच टांग्यातून गेले, माझी पोरगी गेली, आता ही कशातून जाणार?” आजीनं नातीला उचलून मागच्या सीटवर बसवलं. मुलगी माझ्याकडे बघून हसली. पुढचा एक दात नवा, अर्धाच उगवलेला.

मग दारं उघडली आणि पोरं घुसली. हवालदारही घुसत होता, त्याला मी कॉलरला धरून मागे ओढलं.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. जुनी वस्तू घ्यायची तर आकड्यावर जाऊ नका, चार पावलं चालवून बघा, आणि चालवून बघू देत नसेल तर नमस्कार करून निघा, हे तर कुणीही सांगेल. मला जे कळलं ते जरा वेगळं आहे. ठाण्याची पायरी चढणारं माणूस दर वेळी कुणाला तरी शिक्षा व्हावी म्हणूनच येत नाही. कधी कधी त्याला चारचौघांत एकच खरं वाक्य बोलून घ्यायचं असतं, आणि ते वाक्य ज्याच्या तोंडी शोभेल तो माणूस शोधून आणणं, एवढाच तपास असतो. त्या रविवारचं माझं भाषण तसंच खिशात राहिलं, आणि त्याचं मला आजपर्यंत वाईट वाटलेलं नाही.

सोमवारी सकाळी काही कारण नसताना मी जीप भुईगावकडे घेतली. वळणावरच्या केळीला नवा कोंब आला होता. समोरून व्हॅन आली, अगदी सावकाश, मागे दोन स्कूटरवाले कंटाळून हॉर्न वाजवत. तिनं मला पाहिलं, पण हात सोडून नमस्कार केला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. शेजारी बाबा बसले होते, आणि घंटा त्यांनी वाजवली.